टायमरचा बोर्ड, आवृत्ती तिसरी: आरशातला डिस्प्ले आणि तीन नवे फुटप्रिंट

दुसऱ्या आवृत्तीचा बोर्ड आला, डिस्प्ले सोल्डर केला, सप्लाय दिला आणि चार आकड्यांच्या जागी कुठेतरी अर्धवट रेषा लुकलुकल्या. तासभर मी कोडमध्ये शोधत बसले. मग मल्टिमीटर डायोड मोडवर लावून एकेक पिन तपासली, तेव्हा कळलं की कोड बरोबर आहे, सोल्डरिंग बरोबर आहे, ट्रॅकही सर्किटप्रमाणेच गेलेत. डिस्प्लेचा फुटप्रिंट (पिनांसाठी बोर्डावर ठेवायच्या भोकांचा आणि तांब्याच्या पॅडचा आराखडा) मात्र मी उलटा काढला होता, आरशात दिसावा तसा.

बोर्ड साधाच आहे. ०.५६ इंची चार अंकी सेव्हन सेगमेंट डिस्प्ले, बटणासह फिरणारा एनकोडर (नॉब किती फिरवला ते सांगणारा भाग), एक मायक्रोकंट्रोलर आणि पोटाखाली थर्मल पॅड असलेला आठ पायांचा रेग्युलेटर. बाकी सगळं कायकॅडच्या (बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरच्या) लायब्ररीतून घेतलं. डिस्प्ले, एनकोडर आणि रेग्युलेटर या तिघांचे फुटप्रिंट मी स्वतः काढले होते. आता तिन्ही पुसून पहिल्यापासून पुन्हा काढलेत. ज्यांनी अजून स्वतःचा एकही फुटप्रिंट काढलेला नाही त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी डिस्प्ले. त्याला बारा पिना, सहा खालच्या ओळीत आणि सहा वरच्या. समोरून पाहिलं तर खाली डावीकडून उजवीकडे १ ते ६ आणि वर उजवीकडून डावीकडे ७ ते १२, म्हणजे आयसीसारखेच घड्याळाच्या उलट दिशेने नंबर. शेजारच्या पिनांमधलं अंतर २.५४ मिमी, दोन ओळींमधलं १५.२४ मिमी. माझ्याकडच्या डेटाशीटमध्ये (भागाच्या माहितीपत्रकात) पिनांची मापं देणारी आकृती मागच्या बाजूने काढलेली होती. पिना मागेच असतात, तेव्हा ती तशी असणारच. मी ती तशीच्या तशी एडिटरमध्ये उतरवली. फुटप्रिंट एडिटरमध्ये आपण बोर्डाकडे वरून पाहत असतो, म्हणजे डिस्प्लेच्या तोंडाकडून. तिथेच डावं-उजवं फिरलं.

आता हे कागदावर छापून पाहताना का लक्षात आलं नाही? फुटप्रिंट खऱ्या मापात छापून त्यात भाग खोचून पाहिला होताच. पिना कागदातून अगदी अचूक आरपार गेल्या होत्या. पण दोन ओळी, दोन्हीकडे सारख्या सहा पिना, सारखं अंतर. असा भाग आरशातल्या फुटप्रिंटमध्येही तितकाच नेमका बसतो. कागद आपल्याला भोकांची जागा सांगतो, पिनेचा नंबर सांगत नाही. दोन्ही बाजू समान असलेल्या भागांसाठी कागदाची चाचणी अपुरी आहे, हे मला या बोर्डाने शिकवलं.

अदलाबदल कशी झाली तीही पाहण्यासारखी आहे. १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४. वर १२ आणि ७, ११ आणि ८, १० आणि ९. माझ्या डिस्प्लेत १२, ९, ८ आणि ६ या अंकांच्या कॉमन पिना (एका अंकाच्या सगळ्या सेगमेंटना सामाईक), बाकी आठ सेगमेंटच्या (सात रेषा आणि दशांश बिंदू). नुसते सेगमेंट आपसांत बदलले असते तर कोडमधला तक्ता बदलून भागलं असतं. इथे चारही अंकांच्या पिना सेगमेंटच्या जागी जाऊन बसल्या. अंकांच्या लाइनवर माझे ट्रान्झिस्टर आहेत, सेगमेंटच्या लाइनवर रेझिस्टर. हे कोडने निस्तरत नाही.

तरी बोर्ड वाया गेला नाही. आरसा झालेला फुटप्रिंट बोर्डाच्या दुसऱ्या बाजूने पाहिला की सरळच असतो. डिस्प्ले काढला, भोकं साफ केली आणि तोच डिस्प्ले बोर्डाच्या मागच्या बाजूने बसवला. लगेच चारही अंक स्वच्छ उजळले. नॉब पुढे आणि आकडे मागे अशी स्थिती आहे, त्यामुळे केसमध्ये तो जाणार नाही. पण कोड लिहायला आणि तपासायला तोच बोर्ड रोज वापरते आहे. तुमच्याकडे थ्रू-होल (पिना भोकांतून आरपार जाणाऱ्या) भागाचा फुटप्रिंट असा उलटा आला, तर बोर्ड टाकून देण्यापूर्वी हे नक्की करून पाहा. आजूबाजूच्या भागांची अडचण नसेल तर काम होऊन जातं.

आता पहिला पॅड ठेवण्याआधीच मी फॅब लेअरवर (आराखड्यातल्या नोंदींच्या थरावर) तीन गोष्टी लिहिते: आकृती कुठून पाहिलेली आहे, पहिली पिन कुठे आहे, मापं मिलिमीटरमध्ये की इंचात. शिवाय डिस्प्लेच्या नव्या फुटप्रिंटमध्ये चार अंकांची बाह्यरेषा आणि दशांश बिंदू काढलेत, म्हणजे खालची बाजू कोणती हे डोळ्यांना दिसतं. आणि खुद्द डिस्प्लेलाच विचारून घेतलं: मल्टिमीटरची लाल प्रोब ११ वर आणि काळी १२ वर धरली की पहिल्या अंकाचा वरचा आडवा सेगमेंट मंद उजळतो. (माझा डिस्प्ले कॉमन कॅथोड आहे; कॉमन अॅनोडला प्रोब उलट धरा.) नंबर बरोबर मोजले आहेत याची याहून मोठी खात्री नाही.

जाता जाता, कायकॅडमध्ये वाय अक्ष मुळात खालच्या दिशेने वाढतो. डेटाशीटवरून आकडे टाइप करताना वरच्या ओळीला उणे चिन्ह द्यावं लागतं. ही सवय लागेपर्यंत मी दोनदा तपासत होते. सहा पॅड एकेक करून ठेवायची गरज नाही. एक पॅड नीट करून कंट्रोल-टीने त्याची रांग करता येते आणि नंबरही आपोआप चढतात.

भोकाचा व्यास किती ठेवायचा यावर बरेच जण अडखळतात. पिनेचं जास्तीत जास्त माप घ्यायचं आणि त्यात साधारण ०.२ मिमी मिळवायचे. जास्तीत जास्त हा शब्द महत्त्वाचा. नेहमीच्या हेडरची चौकोनी पिन ०.६४ मिमीची असते, पण भोकात जाताना तिचा कर्ण अडतो आणि तो ०.९ मिमी भरतो. म्हणून कायकॅडच्या लायब्ररीत तिला १ मिमीचं ड्रिल दिलेलं आहे. माझ्या डिस्प्लेच्या पिना गोल, अर्ध्या मिलिमीटरच्या. तिथे मी ०.८ ठेवलं. बारा पिना एकदम घालायच्या असतात, थोडी ढिलाई हवीच.

दुसरा एनकोडर. याला डेटाशीट नव्हतंच, जुन्या पॅनेलवरून काढलेला नग आहे. व्हर्निअरने मोजताना दोन पिनांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर थेट घेता येत नाही, जबडे कुठे धरायचे तेच कळत नाही. त्यासाठी दोन पिनांचं बाहेरून-बाहेर माप घ्यायचं, मग आतून-आत, आणि दोघांची सरासरी काढायची. पिनेची जाडी आपोआप निघून जाते. माझ्याकडे टोकाच्या दोन पिनांचं बाहेरचं माप ५.७ आलं, आतलं ४.३, सरासरी ५.०. मध्ये एक पिन, म्हणजे पिनांमधलं अंतर २.५ मिमी.

हे २.५ आहे, २.५४ नाही. तीन पिनांच्या एनकोडरमध्ये हा फरक एकूण ०.०८ मिमी होतो आणि भोकाच्या ढिलाईत मुरून जातो. पण २.५ मिमीच्या सोळा पिनी कनेक्टरला चुकून २.५४ धरलं तर पंधरा अंतरांची मिळून ०.६ मिमी चूक साचते, आणि शेवटच्या पिना भोकाच्या बाहेरच राहतात. म्हणून लांब कनेक्टरचं एकच अंतर कधीही मोजू नका. पहिल्या आणि शेवटच्या पिनेमधलं मोजा आणि भागा.

एनकोडरच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे कान असतात. दुसऱ्या आवृत्तीत मी त्यांच्यासाठी गोल भोकं ठेवली होती. कान चपटा, भोक गोल; मध्ये मोकळी जागा राहिली आणि नॉब दाबला की सगळा ताण बारीक पिनांच्या सोल्डरवर यायला लागला. एका पिनेभोवती सोल्डरला गोल चीर पडलेली भिंगातून दिसली. आता पॅडच्या गुणधर्मांत भोकाचा आकार ओव्हल करून कानाएवढा स्लॉट दिलाय आणि भोवती भरपूर तांबं ठेवलंय. स्लॉट किती अरुंद चालतो हे बोर्ड बनवणाऱ्याच्या नियमांत आधी पाहून घ्या.

नॉबचा घेरही आता फुटप्रिंटमध्येच, फॅब लेअरवर काढलाय. एनकोडरची चौकट लहान असते, पण त्यावर वीस मिलिमीटरचा नॉब बसतो. मागच्या वेळी तो डिस्प्लेच्या कडेला घासत होता आणि कोर्टयार्डने (भागाभोवती राखीव जागा दाखवणाऱ्या सीमेने) काहीच तक्रार केली नव्हती, कारण कोर्टयार्ड एनकोडरच्या चौकटीभोवती होतं.

तिसरा रेग्युलेटर, आणि इथेच मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. एसओआयसी-८ हे आठ पायांच्या चिपचं पॅकेज इतकं ओळखीचं की त्याचे पॅड मी पूर्वी नजरेने काढायचे. डेटाशीटमधली मापं नीट पाहा: एका पायाच्या टोकापासून समोरच्या पायाच्या टोकापर्यंत ५.८० ते ६.२० मिमी. बोर्डाला टेकणाऱ्या पावलाची लांबी ०.४० ते १.२७. म्हणजे एका नगाचं पाऊल दुसऱ्याच्या तिप्पट असू शकतं आणि दोन्ही नियमात बसतात. एखादा नग हातात घेऊन, मोजून त्याच्या मापाचा पॅड काढला, तर तो त्या एका नगापुरता झाला.

पॅडची मापं ठरवणाऱ्या आयपीसी-७३५१ या मानकाची पद्धत हीच टोकं धरून चालते. पायाच्या पुढे, टाचेमागे आणि बाजूंना सोल्डरची किती कड राहिली पाहिजे ते ठरलेलं आहे. या जातीच्या पायांना मधल्या पातळीवर पुढे ०.३५, टाचेला ०.३५ आणि बाजूला ०.०३ मिमी. ६.२० मध्ये दोन्हीकडचे ०.३५ मिळवले की पॅडचं बाहेरून-बाहेर माप ६.९ येतं. कायकॅडच्या स्वतःच्या एसओआयसी-८ मध्ये पॅड १.९५ लांब, ०.६ रुंद आणि मध्यापासून २.४७५ वर आहे. गुणून-मिळवून पाहा, तेही बरोबर ६.९ येतं. ही जुळणी पाहिली आणि लायब्ररीतल्या आकड्यांमागचा विचार मला पहिल्यांदा दिसला. माझे जुने पॅड ६.४ वर संपत होते. चिप बसायची, पण पुढे सोल्डर चढायला जागाच नसायची आणि सांधा डोळ्यांनी तपासता यायचा नाही.

थर्मल पॅडचं दुखणं वेगळं. पूर्ण पॅडभर सोल्डर पेस्ट दिली की रीफ्लोमध्ये (पेस्ट तापवून वितळवताना) चिप त्या थेंबावर तरंगते आणि एका बाजूचे पाय उचलले जातात. माझ्या दोन चिपा अशाच कलल्या. आता मोठ्या पॅडवरून पेस्टचा लेअर काढून टाकलाय आणि त्यावर नंबर नसलेल्या, फक्त पेस्टच्या चार छोट्या खिडक्या ठेवल्यात. त्या मिळून साधारण साठ टक्के भाग झाकतात. व्हाया (बोर्डाचे थर जोडणारी बारीक भोकं) ०.३ मिमीच्या, खिडक्यांच्या मधल्या पट्ट्यांत. थेट पेस्टखाली उघडी व्हाया आली तर सोल्डर तिच्यातून खाली उतरतं.

एवढं करून एक संध्याकाळ तरीही वाया गेली. लायब्ररीत फुटप्रिंट सुधारला, सेव्ह केला, बोर्ड उघडला तर जुनेच पॅड. बोर्डावर फुटप्रिंटची स्वतंत्र प्रत असते. टूल्स मेनूतून लायब्ररीप्रमाणे अपडेट करायला सांगितल्याशिवाय ती बदलत नाही. तुम्ही फुटप्रिंट सुधारूनही चूक तशीच दिसत असेल तर आधी हे पाहा. आणि स्वतःचे फुटप्रिंट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच वेगळी लायब्ररी करून ठेवा. प्रत्येक फुटप्रिंट ही साधी टेक्स्ट फाइल असते, त्यामुळे गिटमध्ये (फाइलींमधले बदल नोंदवणाऱ्या साधनात) कुठला पॅड कधी आणि किती सरकला ते ओळीओळीने दिसतं. डिस्प्लेची चूक नेमकी कधी शिरली ते मला तिथेच सापडलं.

छापतानाची एक काळजी: प्रिंटर पानात मावावं म्हणून गुपचूप आकार कमी करतो. मी बोर्डाबाहेर १०० मिमीची एक रेघ काढून ठेवते आणि छापल्यावर आधी ती मोजते. पहिल्या खेपेला ती ९७ भरली. स्केल बदलून परत छापलं, रेघ शंभरला शंभर आली, मग कागद फोमच्या तुकड्यावर चिकटवला आणि भाग खोचले.

तो फोम अजून टेबलावरच आहे. डिस्प्ले तोंड वर करून बसलाय, खाली डावीकडे कागदावर पेनने १ लिहिलंय आणि मल्टिमीटरनेही तीच पिन १ म्हणून दाखवली. एनकोडरचे कान स्लॉटच्या रेषेत उतरले, आणि नॉब पूर्ण फिरवला तरी डिस्प्लेच्या कडेपासून दीड मिलिमीटर दूर राहतो. तिसऱ्या आवृत्तीचे गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइली) काल रात्री पाठवले.