नागपुरात दोन दिवस, वीस चित्रं

नागपूरच्या कॉमिक्स मेळाव्यात टेबल मांडून कमिशनची चित्रं काढायला निघाले होते. नाशिकरोडला रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये चढले तेव्हा माझ्याजवळ तीन नग होते: कपड्यांची पिशवी, रंग-शायांचा डबा आणि दोन प्लायच्या फळ्यांमध्ये बांधलेले कागद. कागद मी नळीत गुंडाळून नेत नाही. गुंडाळलेला ब्रिस्टल बोर्ड (शाईकामाचा जाड, गुळगुळीत कागद) पुन्हा सपाट व्हायला अर्धा दिवस घेतो, आणि टेबलावर पहिलं गिऱ्हाईक आलं की तो अर्धा दिवस आपल्याजवळ नसतो. फळ्या वरच्या बर्थवर उशाशी ठेवल्या. सीटखाली ठेवू नका, तिथे रात्रभर पाण्याच्या बाटल्या कलंडत असतात.

कमिशन म्हणजे काय ते नव्यांसाठी सांगते. समोरच्याने पात्र सांगायचं, आपण त्याच्यादेखत काढून द्यायचं. दिल्लीत २०११ साली भारतातलं पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सचा मेळावा, भरलं, आणि पुढे इतर शहरांत अशा मेळाव्यांतून चित्रकारांच्या टेबलांची रांग लागायला लागली. मी मुंबई-पुण्यात बरीच टेबलं केलीत. नागपूरचं हे पहिलंच. एका कॉलेजच्या सभागृहात, एप्रिलमधला शनिवार-रविवार, सकाळी अकरा ते रात्री आठ.

मी शुक्रवारी सकाळीच पोचले. एक दिवस आधी जाणं चैन वाटेल, पण जा. स्टेशनातून बाहेर पडतानाच मेट्रोची बाजू विचारून घ्या. ॲक्वा लाइन स्टेशनाजवळून, सीताबर्डीवरून पश्चिमेकडे शंकरनगर, सुभाषनगरकडे जाते. ऑरेंज लाइन सीताबर्डीतच तिला भेटते. राहायचं तर सीताबर्डी किंवा धरमपेठ, म्हणजे कुठेही जायला सोपं. दुपारी बर्डीवर चक्कर मारली. कॅमलची वॉटरप्रूफ काळी शाई आणि कार्ट्रिज कागद लगेच मिळाले. मला हवा होता तो जाड ब्रिस्टल बोर्ड मात्र फिरलेल्या तिन्ही दुकानांत नव्हता, तेव्हा तो घरूनच आणा, लागेल त्याच्या दीडपट.

आता कूलर. याबद्दल मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक चित्र वाचलं असतं. एप्रिलात नागपूर चाळिशीच्या वर असतं आणि हवा कोरडी ठाक. मोठ्या हॉलमध्ये एसीऐवजी माणसाएवढे कूलर लावलेले असतात. मला टेबल मिळालं ते अगदी कूलरच्या तोंडासमोर. शेजारची मुलगी म्हणाली, "ताई, लकी आहा तुम्ही." मलाही तसंच वाटलं. कूलर पाण्यातून हवा फेकतो. ती ओल कागद पितो, त्याचे तंतू फुगतात, आणि मग ब्रशने मारलेली रेघ कडेला फुटते. तासाभरात माझा गठ्ठा कडांना वर वळला होता, आणि तिसऱ्याच चित्रात हनुवटीची रेघ केसाळ झाली. ते फाडलं, पुन्हा काढलं. गिऱ्हाईक समजूतदार होतं, पण माझे पंचवीस मिनिटं गेले. कूलर नसेल तिथे उलटी अडचण: बोरूची निब शाईत बुडवून कागदापर्यंत नेईस्तोवर सुकते. तेव्हा टेबल कूलरच्या बाजूला मागा, समोर नको. कागद झाकणाच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एका वेळी एकच बाहेर काढा. बोरू घरी ठेवून ब्रशपेन आणि वॉटरप्रूफ फाइनलायनर न्या. ते ओल्या आणि कोरड्या, दोन्ही हवांत टिकले.

शनिवारची माझी दुसरी चूक मोठी होती. पहिल्या दोन तासांत चौदा जणांची नावं लिहून घेतली. गर्दी पाहून हरखले, नाही कुणाला म्हणवेना. माझे दर साधे होते: ए-फाइव्हवर खांद्यापर्यंतचं शाईतलं चित्र ४०० रुपये, वीस मिनिटं, ए-फोरवर पूर्ण आकृती १,००० रुपये, पन्नास मिनिटं, रंगीत १,८०० रुपये, दीड तास. कागदावर हे बसतं. पण माणूस बोलतो, मोबाइलवर संदर्भ शोधतो, त्याचा भाऊ येऊन "टोपी नाही घातली का?" विचारतो. प्रत्येक चित्रामागे दहा मिनिटं धरायला हवीत. आठ वाजता नऊ झाली होती, पाच बाकी. त्यातले चौघं रविवारी येणार होते. पाचवा मुलगा वर्ध्याचा, त्याला सकाळची गाडी होती. त्याचं चित्र रात्री हॉटेलात टेबलावर टॉवेल अंथरून पूर्ण केलं आणि सकाळी आठला सीताबर्डी मेट्रोवर त्याच्या हातात दिलं. त्याने तिथेच, जिन्याच्या कठड्यावर ठेवून, पाच मिनिटं बघितलं. गाडी सुटेल म्हणून मीच त्याला हाकललं.

रविवारी दिवसाला दहा एवढीच नावं घेतली. चार जुनी, सहा नवी. यादीच्या वर जाड अक्षरात "आज जागा संपली" लिहून उभं केलं. कुणी रागावलं नाही. निम्मे पैसे आगाऊ यूपीआयने, उरलेले चित्र हातात पडल्यावर. हे आधीच सांगितलं की नंतर संकोच होत नाही.

नागपूरकर काय मागतात? तरुण मुलं जपानी ॲनिमेमधली पात्रं मागतात, तसं सगळीकडेच आहे. पण इथे हिंदी-मराठी दोन्ही वाचत मोठी झालेली पिढी आहे, त्यामुळे हिंदी कॉमिक्सचा नायक नागराज बराच आला. १९८६ मध्ये तो राज कॉमिक्समध्ये आला तेव्हा सुरुवातीची चित्रं आपल्या प्रताप मुळीकांची होती, हे एका इंजिनिअरिंगच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "काय सांगता! म्हणजे मराठी माणसानं?" मला फार बरं वाटलं. मात्र नागराजच्या अंगावरचे खवले एकेक काढायचे असतात. पन्नास मिनिटांचं काम सव्वा तासावर गेलं. खवले, चिलखत, जाळी असल्या नक्षीला दोनशे-तीनशे वेगळे लावा आणि आधी सांगा.

सगळ्यात जास्त शिकले ते एका काकांकडून. साठीच्या पुढचे असतील. प्लास्टिकच्या पिशवीत इंद्रजाल कॉमिक्सचा जुना मराठी अंक घेऊन आले. इंद्रजाल १९६४ पासून १९९० पर्यंत निघालं, आणि वेताळ (इंग्रजीतला फँटम) घरोघरी पोचला तो त्यातूनच. काका म्हणाले, "वेताळ काढून देता का? किती टाइम लागन?" म्हटलं, पन्नास मिनिटं. "बसतो मी."

बसले. एक शब्द बोलले नाहीत. मी निळ्या पेन्सिलीने आकृती बांधली, बुरखा, पट्टा, अंगठीवरची कवटी. डोळे काढले आणि सहज कागद त्यांच्याकडे फिरवला. ते वाकले, चष्मा वर केला आणि हळूच म्हणाले, "बुबुळं नसतात त्याला, मॅडम. बुरख्यातून नुसतं पांढरं दिसते." मी अंक उघडला. खरंच. लहानपणापासून शेकडो पानं पाहिलेली, तरी हात आपोआप बुबुळं काढत होता. ती खोडली आणि चित्र एकदम उभं राहिलं. नजर नाही, म्हणूनच तो वेताळ.

पेन्सिलीतलं चित्र शाई लावण्याआधी समोरच्याला दाखवाच. वेळ जातो म्हणून मी पूर्वी टाळायची. पण जो पैसे देऊन एकच पात्र मागतो, तो त्या पात्राबरोबर चाळीस-पन्नास वर्षं राहिलेला असतो. त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि शाई पडल्यावर तो भिडेपोटी बोलत नाही. घरी गेल्यावर मात्र ती बुबुळं रोज बघतो. रविवारची सगळी दहा चित्रं मी आधी दाखवली. पाचांत काही ना काही बदललं.

शेवटचं काम रंगीत होतं आणि ते फक्त नागपुरातच मिळालं असतं. दोघी बहिणी आल्या. "आमच्या भावाचा बडग्या काढा." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत बडगे असतात. बांबू-कागदाचे भलेमोठे पुतळे. वर्षभरात लोकांना ज्याचा राग आला त्याचं सोंग. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत मिरवतात आणि शेवटी जाळतात. दीडशे वर्षांच्या आसपासची ही परंपरा, आणि व्यंगचित्राची याहून मोठी शाळा मी पाहिलेली नाही. मुलींनी मोबाइलवर मिरवणुकीचे फोटो दाखवले. भाऊ दिवसभर गेम खेळून राहिला म्हणून त्याच्या गळ्यात हेडफोनची माळ, पोटावर पाटी. पाटीवरचा मजकूर त्यांनीच सांगितला: "उठतो ना आई, पाच मिनिटं."

हिशेब सांगते, कारण जाणाऱ्याला तोच हवा असतो. खांद्यापर्यंतची बारा, पूर्ण आकृती सहा, रंगीत दोन: १४,४०० रुपये. स्वतःच्या पात्रांच्या प्रिंट्सचे ३,१००. (प्रिंट्स मी स्वतःच्याच पात्रांच्या विकते, दुसऱ्याचं पात्र छापून गठ्ठ्याने विकणं मला पटत नाही, त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात.) टेबलाचे २,५००, रेल्वे १,९००, तीन रात्रींचं हॉटेल ४,५००, खाणं-रिक्षा १,६००, सामान ९०० वजा जाता हातात ६,१०० राहिले. हॉटेलची खोली कुणाबरोबर वाटून घेतली तर बरंच वाचेल.

खाण्याचं: सकाळी तर्री पोहे खाऊनच टेबलावर बसा, दुपारी जेवायला वेळ मिळत नाही. सावजी जेवायला रविवारी, सगळं संपल्यावर जा. तो रस्सा बोटांना तासभर सोडत नाही, आणि तेलकट बोटाचा ठसा कागदावर पडला की त्यावर शाई बसत नाही. दर दोन चित्रांनंतर उठून हात खांद्यातून फिरवा. संत्रा बर्फी नेणार असाल तर चित्रांच्या पिशवीत नको.

निघताना त्या बहिणींनी विचारलं, तान्ह्या पोळ्याला या ना, खरे बडगे बघायला. पोळ्याच्या आदल्या रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरायची आहे. बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, तो दिवस कॅलेंडरवर निळ्या पेन्सिलीने खुणावून ठेवलाय.