ही जमीन कोणाची होती?

गेल्या डिसेंबरात आई इथे होती. आमचं घर अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या पश्चिमेला, विंटर गार्डनमध्ये. गाव ज्या अपॉप्का तळ्याच्या काठी आहे, त्याच्या उत्तर टोकाला 11 मैलांचा एक कच्चा रस्ता 2015 पासून लोकांसाठी खुला आहे. शुक्रवार ते रविवार कुणीही गाडी घेऊन जावं, तिकीट नाही. दोन्ही बाजूंना पाणी आणि पाणकणीस. आईने काच खाली केली आणि ओरडलीच, "अगं, हे तर आपले वारकरी!" काळेभोर अंग, पांढरी चोच, शेकड्यांनी तरंगत होते. जात अमेरिकन, पण आपल्या वारकऱ्याचा सख्खा चुलतभाऊच.

थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "ही जमीन कोणाची होती गं?"

आईचं माहेर भिगवणकडचं, उजनीच्या पाण्यात गेलेलं. पाणी दिसलं की तिला आधी त्याखालची जमीन आठवते.

तर ही जमीन शेतकऱ्यांची होती. त्याआधी मात्र ती तळ्याचीच होती. 1941 मध्ये बांध घालून उत्तरेकडची सुमारे 20,000 एकर दलदल तळ्यापासून तोडली आणि कोरडी केली. खालून निघाली हजारो वर्षं कुजलेल्या पाणवनस्पतींची काळी, भुसभुशीत माती. इथे तिला 'मक' म्हणतात. त्यात मका, गाजर, मुळा, सेलेरी असं काय काय पिकायचं. इथल्या झेलवूड गावचा गोड मका तर दूरवर प्रसिद्ध होता.

पण हंगाम संपला की शेतात पाणी भरून ठेवायचे आणि पुढच्या पेरणीआधी तेच पाणी खतातल्या फॉस्फरससकट पंपाने तळ्यात उपसायचे. रस्त्यावर ते जुनं पंपघर अजून उभं आहे, आम्ही उतरून पाहिलं. गावाचं सांडपाणी आणि संत्र्यांच्या कारखान्यांचं पाणीही तळ्यातच जात होतं. तळ दिसेल इतकं नितळ पाणी 1947 पासून या फॉस्फरसवर पोसलेल्या शेवाळाने हिरवं पडू लागलं. माशांसाठी लांबून येणारे लोक यायचे थांबले.

शेवटी 1996 मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने कायदा केला आणि सरकारी पैशातून ही शेतं विकत घेतली. सुमारे 10 कोटी डॉलर लागले. 1998 च्या उन्हाळ्यात शेवटचं पीक निघालं आणि शेतांत पाणी सोडलं. त्या हिवाळ्यात पक्षी असे उतरले, की डिसेंबरच्या गणनेत 170 हून अधिक जाती मोजल्या गेल्या. आणि मग ते मरू लागले. सगळ्यांत जास्त पांढरे पेलिकन, शिवाय करकोचे, बगळे. वर्षानुवर्षं फवारलेली टॉक्साफीन, डिल्ड्रिन, डीडीटीसारखी औषधं मातीत तशीच होती. ती माशांत गेली, माशांतून पक्ष्यांत. शेकडो पक्षी गेले.

पाणी पुन्हा उपसून काढावं लागलं. नंतर हजारो एकरांवर सुमारे तीन फूट खोल नांगरट करून विषारी माती खाली आणि खालची वर आणली, मगच हळूहळू पाणी परत सोडलं. दुसरीकडे 2003 पासून तळ्याचं पाणी पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून फिरवून, गाळ खाली बसवून परत सोडतात. गिझर्ड शॅड नावाचे मासे कोळ्यांना पैसे देऊन पकडवतात, कारण माशाच्या अंगातून फॉस्फरसही तळ्याबाहेर जातो. पाण्यातला फॉस्फरस आता निम्म्याहून खाली आला आहे आणि तळाशी पुन्हा गवत धरू लागलं आहे.

मला मनापासून वाटतं, जमीन घेतली ते योग्यच झालं. बांध तसाच राहिला असता तर तळं कायमचं गेलं असतं. हे मी आईला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "मालकांना पैसे मिळाले. आणि राबणारे?"

आमच्या आजोबांना उजनीचा मोबदला मिळाला होता. त्यांच्या सालगड्याला काही मिळालं नाही, कारण सातबाऱ्यावर त्याचं नाव नव्हतं. तो पुण्याला गेला आणि परत कधी दिसला नाही, एवढंच आईला माहीत आहे.

इथे सुमारे 2,500 मजुरांचं काम गेलं. कृष्णवर्णीय अमेरिकन, हैतीचे, मेक्सिकोचे लोक. ज्या मातीने पेलिकन मेले, त्याच मातीत त्यांनी अनेक वर्षं उघड्या हातांनी भाजी काढली होती. मेलेल्या पक्ष्यांचा तपास झाला, तळ्यातल्या मगरींवर तर कितीतरी वर्षं संशोधन चाललं. आमच्या तब्येतीची अशी चौकशी कुणी केली नाही, हे या मजुरांचं दुःख आहे, आणि ते मला पूर्ण पटतं. पाणी सुधारायला 10 कोटी डॉलर निघाले, तर या माणसांच्या औषधपाण्यासाठीही निघायला हवे होते.

वारलेल्या सोबत्यांसाठी त्यांनी आठवणीच्या गोधड्या शिवल्या आहेत. एक तुकडा म्हणजे एक माणूस. अपॉप्का गावातल्या एका कार्यक्रमात त्या मांडल्या होत्या, तिथे मी आईला घेऊन गेले. तिला इंग्रजी वाचता येत नाही. ती एकेका तुकड्यावरून बोट फिरवत होती. एकावर पिवळ्या कापडाचं मक्याचं कणीस होतं, दाणा न् दाणा टाके घालून उठवलेला. "हे कोण?" तिने विचारलं. मी खालचं नाव वाचून दाखवलं. मग तिने पुढचा तुकडा दाखवला, आणि त्याच्या पुढचा.