निवृत्ती निधीतले कर्ज दुसरीकडे हलवताना

ऑस्ट्रेलियात नोकरदाराच्या पगाराखेरीज मालकाने त्याच्या निवृत्तीसाठी भरायची रक्कम, जिला इथे सगळेच ‘सुपर’ म्हणतात, 1 जुलै 2025 पासून पगाराच्या 12 टक्के झाली आहे. हा पैसा कुठे गुंतवायचा हे स्वतः ठरवायचे असेल, तर जास्तीत जास्त सहा सदस्यांचा स्वतंत्र फंड काढता येतो, आणि 2007 पासून अशा फंडाला कर्ज काढून मालमत्ताही घेता येते. मेलबर्नमधील आमच्या फंडाने असाच एक लहान फ्लॅट घेतला असून त्याचे कर्ज दुसऱ्या संस्थेकडे न्यावे का, हा प्रश्न सध्या आमच्यापुढे आहे.

आपल्याकडे पीएफमधून पैसे काढून राहते घर घेता येते. इथे मात्र फंडाच्या फ्लॅटमध्ये आम्हाला राहता येत नाही आणि बाजारभावाने भाडे घेऊनसुद्धा तो नातेवाइकांना देता येत नाही. कर्ज फिटेपर्यंत मालमत्ता एका वेगळ्या होल्डिंग ट्रस्टच्या नावावर असते. हप्ते थकले तर कर्ज देणाऱ्याला तेवढ्या मालमत्तेवरच हात टाकता येतो, फंडाच्या बाकीच्या पैशावर नाही, त्यामुळे तो बहुधा सदस्यांची वैयक्तिक हमी मागतो आणि व्याजही साध्या गृहकर्जापेक्षा चढे लावतो. मोठ्या बँकांनी 2018 च्या सुमारास अशी नवी कर्जे देणे थांबवल्यापासून हा व्यवहार मुख्यतः बँकेतर संस्थांकडे गेला आहे. शिवाय कर्जदार ही व्यक्ती नसून फंडाचा कारभार पाहणारी ट्रस्टी कंपनी असल्यामुळे सामान्य गृहकर्जदाराला असलेले ग्राहक कर्ज कायद्याचे संरक्षण इथे साधारणपणे लागू होत नाही. दर आणि शुल्क एकत्र धरून तुलनेचा दर जाहिरातीत दाखवण्याची सक्तीही नाही, म्हणून प्रत्येक शुल्क आपणच विचारून मांडावे लागते.

आमचे गणित स्पष्ट होण्यासाठी गोल आकडे घेते. 4 लाख डॉलर कर्ज, 22 वर्षे बाकी, दर 7.25 टक्के, तर महिन्याचा हप्ता सुमारे 3,035 डॉलर बसतो. नवी संस्था 6.5 टक्क्यांनी, पण 30 वर्षांसाठी कर्ज देऊ करते आणि हप्ता एकदम 2,528 वर येतो. कागदावर ही मोठी बचत वाटते. प्रत्यक्षात मात्र पुढे भरायचे एकूण व्याज सुमारे 4 लाखांवरून 5 लाख 10 हजारांवर जाते. तोच 6.5 टक्के दर 22 वर्षांसाठीच घेतला तर हप्ता सुमारे 2,852 होतो आणि खरी बचत तिथे आहे. तीही पुरती हाती येत नाही, कारण फंडाच्या भाड्याच्या उत्पन्नावर कर 15 टक्केच असला तरी व्याज कमी झाले की वजावटही तेवढी घटते. त्यातून जुने कर्ज बंद करण्याचा, मूल्यांकनाचा आणि वकिलाचा खर्च वजा करायचा असतो.

भारतात बॅलन्स ट्रान्सफर करताना, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेताना, टॉप-अप म्हणजे वरचे जादा कर्ज सहज मिळते, म्हणून घरचे लोक विचारतात की किंमत वाढली आहे तर वरचे पैसे का काढत नाही. कायद्याने ते चालत नाही. नवे कर्ज त्याच मालमत्तेचे जुने कर्ज फेडण्यापुरतेच काढता येते. नूतनीकरणासाठीही उधारीचा पैसा वापरता येत नाही, दुरुस्तीसाठी मात्र चालतो.

माझ्या मते सर्वांत आधी पाहायला हवी ती फंडातली रोकड. नोकरी थांबली की मालकाचे पैसे येणे थांबते, आणि पेन्शन सुरू केल्यावर 65 वर्षांखालील सदस्यालाही दरवर्षी शिलकीच्या किमान 4 टक्के रोख द्यावेच लागतात. फ्लॅटची एक खोली विकून ते देता येणार नाहीत. म्हणून आम्ही अर्जात 22 वर्षांचीच मुदत मागितली आहे, आणि नव्या संस्थेच्या वकिलाला लागतील ते होल्डिंग ट्रस्टचे मूळ दस्तऐवज काढून ठेवले आहेत.