स्वच्छ होईपर्यंत धुवा

"मॅडम, टिकली वीज वाहतच नाहीये."

सकाळची दहा-साडेदहाची वेळ. आमच्या गटातली सगळ्यात नवी विद्यार्थिनी दारात उभी होती. एका हातात वही, दुसऱ्या हातात काचेच्या बशीत तीन काळपट टिकल्या. पॉलिॲनिलिन या वीज वाहणाऱ्या पॉलिमरची भुकटी पोलादी साच्यात भरून प्रेसखाली दाबली की 13 मिलिमीटर व्यासाची चकती निघते. तिला आम्ही टिकलीच म्हणतो.

वाहतच नव्हती असं नाही. वाहत होती, पण जेवढी वाहायला हवी त्याच्या हजारावा हिस्साही नाही. या पॉलिमरकडून किती अपेक्षा ठेवायची, हे चांगलं ठाऊक आहे. 2002 साली आयुपॅकने, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, एक तांत्रिक अहवाल प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या देशांतल्या पाच संस्थांमधल्या आठ जणांनी एकाच कृतीने पॉलिॲनिलिन बनवलं, 59 नमुने मोजले आणि सरासरी वाहकता आली 4.4 सीमेन्स प्रति सेंटिमीटर, अधिकउणे 1.7. तांब्यापुढे हा आकडा अगदीच किरकोळ, पण साध्या प्लास्टिकच्या मानाने प्रचंड. आमची कृती त्याच अहवालावर बेतलेली आहे. तिच्या वहीत आकडा होता 0.002.

त्यात दुसऱ्या दिवशी गॅस चेंबरवर आमची पाळी होती. याच भुकटीच्या पट्ट्या अमोनिया ओळखणारा सेन्सर म्हणून वापरायच्या, त्यासाठी त्यांच्यावर अमोनिया सोडून पाहायचा होता.

माझा पहिला संशय मोजणीवर गेला. आम्ही चार टोकांचा प्रोब वापरतो. बाहेरच्या दोन टोकांतून विद्युतधारा सोडायची आणि आतल्या दोन टोकांमधलं व्होल्टेज वाचायचं, म्हणजे टोकं जिथे टेकतात तिथला रोध हिशेबात येत नाही. टोक झिजलं असेल, वाकलं असेल, म्हणून माहितीतली सिलिकॉनची चकती ठेवून पाहिली. तिचा आकडा चोख आला. मग टिकल्यांची जाडी पुन्हा मोजली. प्रेसवर दाब किती दिला होता ते विचारलं. वाळवताना ओव्हन तापला तर नव्हता? नाही, निर्वातात 60 अंशच होता. मूळ ॲनिलिन हायड्रोक्लोराइड पांढरंशुभ्र होतं. उत्पादन 90 टक्क्यांहून जास्त निघालं होतं. म्हणजे पॉलिमरच्या रेणूंच्या साखळ्या नीट तयार झाल्या होत्या. मग बिघडलं काय?

तिला मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. 2.59 ग्रॅम ॲनिलिन हायड्रोक्लोराइड 50 मिलिलिटर पाण्यात, 5.71 ग्रॅम अमोनियम पेरॉक्सिडायसल्फेट तेवढ्याच पाण्यात, दोन्ही एकत्र. सुरुवातीची काही मिनिटं काहीच झालं नाही, मग द्राव निळा पडत गेला, बीकर हाताला गरम लागला आणि शेवटी गडद हिरवा गाळ बसला. हे सांगताना तिचा चेहरा जरा उजळला. हा रंगबदल मी शेकडो वेळा पाहिला असेल, तरी अजूनही काम सोडून बघत उभी राहते.

दुपारचे दोन वाजले. दोघींचंही जेवण राहिलं होतं. बाटलीतली थोडी भुकटी मी सहज गाळणकागदावर बोटाने घासली आणि तिथेच थांबले. रेघ निळसर उमटली होती.

वाहक अवस्थेतल्या पॉलिॲनिलिनची रेघ हिरवी उमटते. निळा रंग त्याच्या दुसऱ्या अवस्थेचा आहे, एमराल्डिन बेसचा. साखळ्या त्याच, इलेक्ट्रॉनही तेवढेच, फक्त आम्ल निघून गेलेलं. पूर्ण निळ्या अवस्थेत वाहकता एका सीमेन्सच्या दहा अब्जाव्या भागाइतकी खाली येते, म्हणजे तो जवळपास रोधकच. इतर वाहक पॉलिमरांपासून हे वेगळं पडतं ते इथेच. 1977 मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर या शास्त्रज्ञांनी पॉलिॲसिटिलिन या दुसऱ्या पॉलिमरची वाहकता कोट्यवधी पटींनी वाढवली तेव्हा आयोडीनने साखळीतले इलेक्ट्रॉन काढून घेतले होते. इथे इलेक्ट्रॉनांची ये-जा होतच नाही. आम्लातला प्रोटॉन साखळीतल्या ठरावीक नायट्रोजनवर जाऊन बसतो, आणि तेवढ्याने साखळीतले इलेक्ट्रॉन नव्याने मांडले जाऊन वीज वाहायला वाट होते. प्रोटॉन काढला की वाट बंद.

"धुतलंस कशाने?" मी विचारलं.

"डिस्टिल्ड वॉटरने. गाळून येणारं पाणी पीएच कागदावर न्यूट्रल दिसेपर्यंत. मग रात्रभर भरपूर पाण्यात ढवळत ठेवलं आणि सकाळी पुन्हा धुतलं." जरा थांबून म्हणाली, "फाइलमध्ये तसंच लिहिलंय, मॅडम."

फाइल काढली. पान माझ्याच अक्षरातलं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. "गाळून घ्या. स्वच्छ होईपर्यंत धुवा. वाळवा." मूळ अहवालात स्पष्ट आहे: 0.2 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने, 100 मिलिलिटर एका वेळी, तीनदा, त्यानंतर ॲसिटोनने. पानावर उतरवताना मी तेवढंच वगळलं होतं. आजवर जे आले ते माझ्या शेजारी उभं राहून शिकले, त्यांच्या हातात मीच आम्लाची बाटली दिली, म्हणून हे कधी उघडकीला आलं नाही. ती आली तेव्हा मी दोन आठवडे बाहेर होते. ती कागदावरून शिकली, आणि कागदावर होतं ते तिने कुणाहीपेक्षा जास्त मनापासून केलं. जितकं चोख धुतलं तितका प्रोटॉन निघून गेला.

शिराकावांच्या प्रयोगशाळेत चुकून हजारपट उत्प्रेरक पडला आणि त्यातूनच पॉलिॲसिटिलिनचा चंदेरी पापुद्रा मिळाला, हा किस्सा आमच्या क्षेत्रात धीर द्यायला हमखास सांगितला जातो. माझ्याही ओठांवर आला होता. पण मी तो सांगितला नाही. तिने चूक केलीच नव्हती. "पान माझं चुकलंय, तू नाहीस," एवढंच म्हटलं. तिने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. सकाळपासून ती स्वतःच्या वजनांवर आणि हातांवर शंका घेत बसली होती.

मग त्या निळसर रेघेवर मी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडला. कडेकडेने रेघ हिरवी होत गेली. तिने काही न विचारता अमोनियाच्या द्रावणाची बाटली काढली आणि शेजारी एक थेंब टाकला. हिरवं पुन्हा निळं. "म्हणजे उद्या चेंबरमध्ये आपण हेच करणार ना?" ती म्हणाली. हो, अगदी हेच. अमोनिया हा प्रोटॉन ओढून घेतो, पट्टीचा रोध चढतो, आणि तो चढ म्हणजेच सेन्सरचा संकेत. वायू काढून शुद्ध हवा सोडली की अमोनिया सुटू लागतो आणि रोध हळूहळू उतरतो. प्रोटॉन इतका सहज सुटत नसता तर हा सेन्सर झालाच नसता. पाण्याने आमचा नमुना बिघडवला तोही याच वाटेने.

तीन वाजता सगळी भुकटी एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळायला ठेवली आणि मग जेवलो. संध्याकाळी सातला गाळली, सौम्य आम्लाने तीनदा धुतली, ॲसिटोन फिरवलं, ओव्हनमध्ये ठेवली. मी तिला घरी जायला सांगितलं. ती गेली नाही, टिकल्यांचा साचा पुसत बसली.

सकाळी मी पोचले तेव्हा प्रोब टिकलीवर टेकलेला होता. आकडा 3.1. दुसऱ्या टिकलीचा 2.9. चेंबरमधल्या पट्टीनेही दुपारी नीट उत्तर दिलं. अमोनिया आत गेल्यावर रेषा वर चढली, हवा सोडल्यावर सावकाश खाली आली, पूर्ण मूळ जागी मात्र नाही. ते दुखणं जुनंच आहे, त्यावर वेगळं काम चालू आहे.

फाइलमधलं पान मी त्याच दिवशी फाडलं आणि नवीन लिहायला तिलाच सांगितलं. तिने आम्लाची तीव्रता, वेळा, मिलिलिटर सगळं घातलं, आणि खाली एक कोरा तक्ता आखून ठेवला: पाण्याने एकदा, दोनदा, पाचदा, दहादा धुतल्यावर वाहकता किती. त्यातली पहिली दोन घरं तिने शुक्रवारी भरली.