रक्त पातळ करायची गोळी चालू असताना पोट बिघडलं तर

ज्यांच्या घरी कुणाचा हार्टचा व्हॉल्व बदललाय त्यांनी हे वाचाच. आमच्या सासूबाईंना मेटलचा व्हॉल्व आहे, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. त्यांना वॉरफरिन आहे, बऱ्याच जणांना अ‍ॅसिट्रॉम असते. मागे त्यांना जुलाब झाले तर जवळच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल लिहून दिली. आपल्याकडे पोट बिघडलं की हीच, नाहीतर ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी मिळते, इतकी कॉमन की कुणाला शंकाच येत नाही.

पण वॉरफरिन लिव्हरमधल्या ज्या एन्झाइममुळे मोडते त्यालाच मेट्रोनिडाझोल अडवते. मग डोस रोजचाच असला तरी औषध अंगात साठत जातं आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) चढतो. त्यात जुलाबामुळे जेवण कमी, म्हणजे रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के पण कमी, त्याने अजूनच चढतो. मायट्रल जागी (हार्टच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) मेटलचा व्हॉल्व असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. फार वर गेला की हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी शी, आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे मेंदूत रक्तस्राव.

दोन गोळ्यांत अंतर ठेवलं की झालं असं खूप जण सांगतात, पण ते इथे चालत नाही. थायरॉइड आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तास ठेवतात कारण तिथे कॅल्शियम पोटातच थायरॉइडची गोळी धरून ठेवतं, इथे सगळा मामला लिव्हरचा आहे, सकाळी एक आणि रात्री एक घेतली तरी तेच.

म्हणून स्ट्रिपवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात जे औषधाचं नाव असतं ते वाचायचं आणि हार्टच्या डॉक्टरांना फोन करून विचारायचं. आम्ही तेच केलं, त्यांनी ती गोळी सुरूच करू दिली नाही, ओआरएस पाजत राहा म्हणाले आणि दोन-तीन दिवसांनी आयएनआर करायला सांगितला. कुणाला मेट्रोनिडाझोल द्यावीच लागली तर वॉरफरिनचा डोस कमी करून आयएनआरवर लक्ष ठेवतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं हं, घाबरून आपल्या मनाने रक्ताची गोळी बंद केली तर व्हॉल्ववर गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं.

आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा कॉम्बिफ्लाम, तीसुद्धा विचारल्याशिवाय नको.