सड्यावरची बेणणी आणि माझा ग्रासकटर

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावरच्या बागेत, वणवा आला आणि चौदा कलमं होरपळली. त्यातली पाच सासऱ्यांनी लावलेली, चांगलं फळ धरणारी हापूसची होती. आग बाहेरून आली हे खरं, पण तिला बागेत वाट करून दिली ती आमच्याच वाळलेल्या गवताने. त्या वर्षी बेणणी, म्हणजे पावसानंतर बागेतलं गवत कापून काढणं, झालीच नव्हती. पाऊस गेला की भातकापणी आणि कलमांची बेणणी एकदमच येतात, आणि माणूस आधी भाताकडे जातो. गडी मिळेमिळेपर्यंत दिवाळी उलटली, गवत कमरेएवढं होऊन वाळून गेलं.

म्हणून ग्रासकटर घेतला, खांद्यावर पट्ट्याने अडकवायचा, टू-स्ट्रोक इंजिनाचा. हे नोकरीनिमित्त बाहेर असतात, त्यामुळे तो मीच चालवायचा हे ठरलेलंच होतं. दुकानदाराने खोकं रिक्षात ठेवलं, "सोपं असतं" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. एकदा सुरू करूनही दाखवलं नाही. याचा राग मला अजून आहे. जे यंत्र माणसाचा पाय कापू शकतं, ते असं हातात देऊ नये.

पहिला दिवस पेट्रोलने खाल्ला. या इंजिनात ऑइलसाठी वेगळी जागा नसते, टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. मी अंदाजाने ओतलं. धूर, मग प्लग काळा मिट्ट, आणि सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा भरून आला. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत लिटरला २० मिली लिहिलंय, काही मशीनना ४० मिली लागतं. आपल्या पुस्तिकेत असेल तेच धरायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, आणि तो खर्च फार मोठा. आता मी २० मिलीची सिरिंज ठेवली आहे, मिश्रण बाटलीत आधी हलवून घेते आणि मगच टाकीत ओतते.

चालवायला शिकवलं ते चुलतदिरांनी. ते आले, मला मशीन घेऊन उभी बघितली आणि म्हणाले, "वहिनी, आधी ते खाली ठेवा. काठी घ्या आणि बाग चालून या."

त्या फेरीत मी पाटीभर वस्तू गोळा केल्या. गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, निसटलेले जांभ्या दगडाचे तुकडे, तारेची वेटोळी, फुटकी बाटली, ठिबकच्या नळीचा तुकडा. काठी आपटत चालण्याचं आणखी एक कारण म्हणजे फुरसं, हा विषारी साप. आमच्याकडे दगडाखाली, गवताच्या बुडाशी ते असतंच, आणि मशीन चालू असताना त्याची चाहूल लागत नाही.

मग त्यांनी दिशा समजावली. पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे कापत जायचं, म्हणजे कापलेलं गवत साफ झालेल्या बाजूला पडतं. परतताना न कापता नुसतं आणायचं. पात्याचा समोरचा उजवा भाग, घड्याळातल्या बारा ते तीनमधला, कशालाही लागू द्यायचा नाही. मी एकदा लागू दिला. करवंदीचा खुंट गवतात लपला होता. क्षणात अख्खा दांडा उजवीकडे उडाला आणि मी अर्धी वळले. पट्टा नीट बांधलेला होता म्हणून मशीन माझ्यापासून लांबच राहिलं. (पातं बदलताना लक्षात ठेवा, त्याच्या नटाचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा फिरवलात तर तो आणखी घट्ट बसतो.)

पंधरा मीटरच्या आत दुसरं माणूस नको. आमची कलमं दहा-दहा मीटरवर आहेत, म्हणून घरात सांगून ठेवलंय की दोन कलमं सोडून उभं राहायचं. सासूबाई चहा घेऊन आल्या तर लांबूनच पदर हलवतात. मी मशीन बंद करते, पातं थांबेपर्यंत थांबते, मगच त्या जवळ येतात. साडी-ओढणी या कामाला चालत नाही. जाड पँट, गमबूट, हातमोजे, कानाला मफ, डोळ्यांना चष्मा आणि तोंडावर जाळी. दुसऱ्या आठवड्यात जांभ्याची एक कपची उडून बरोबर गालासमोर जाळीवर बसली. तिथे नखाएवढा खळगा पडलाय. तेव्हापासून उकाडा कितीही असो, जाळी वर करत नाही.

स्वतःला मी सांभाळलं, पण कलमांना सांभाळायला उशीर झाला. तीन वर्षांच्या कलमांभोवती मशीनला पात्याऐवजी लावायच्या नायलॉन दोरीने गवत मारत होते. दोरी आहे, पात्यासारखी कापणार नाही, असं वाटलं. संध्याकाळी पाहिलं तर तीन खोडांची साल बुडाशी सोललेली, आतला ओला पांढरा भाग उघडा आणि त्यावर चिकाचे थेंब. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. साल चारी बाजूंनी गेली की मुळं उपाशी मरतात. मी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना लिटरभर पाण्यात कालवून बोर्डो पेस्ट, हा बुरशीनाशक लेप, लावली. एका कलमाची साल पूर्ण गोल गेली होती, ते वाळलं. ते मी लावलं होतं, पहिल्या उन्हाळ्यात कळशीने पाणी घातलं होतं.

आता खोडाभोवती हातभर जागा आधी विळ्याने काढते, मगच मशीन आणते. कापलेलं गवत आळ्यात पसरते, पण खोडाला टेकू देत नाही, वाळवी लागते.

वणव्यासाठी गडग्याच्या आतून पाच-सहा पावलांचा पट्टा अगदी बुडापासून कापते आणि तिथलं गवत ओढून काढते, कारण कापून तिथेच ठेवलेलं गवतही पेटतंच. पेट्रोल भरायला मशीन उघड्या कातळावर नेते, गार होऊ देते, आणि भरून झालं की चार पावलं बाजूला येऊन सुरू करते. तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतावर टेकवला तर आग आपणच लावायची.

बेणणी संपली की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बोरेटर धरून बसतो.

वाचलेल्या दोन कलमांपैकी एकाची साल दोन्ही कडांनी जवळ येत चालली आहे. मध्ये बोटभर पट्टी उरली आहे. परवा हात लावून पाहिला, कड टणक लागली.