तुम्ही विचारलंत म्हणून: मी लिनिअर का सोडलं

मी पॉवरलिफ्टिंगचा कोच. जिममध्ये, लग्नाच्या पंगतीत, इथे गोव्यात फोंड्याच्या बाजारात बांगडे निवडताना सुद्धा हाच प्रश्न: "सर, इतकी वर्षं लिनिअरच खरं म्हणत होता, मग आता पोरांना अंड्युलेटिंग का देता?" लिनिअर म्हणजे बारा आठवडे वजन चढवत आणि रेप्स, म्हणजे एका सेटमध्ये किती वेळा उचलायचं ते, उतरवत न्यायचं. ते सोडून सोमवारी पाच, बुधवारी दहा, शुक्रवारी तीन, हे अंड्युलेटिंग का? मी शब्द फिरवला, असा ठपका त्या आवाजात असतो. म्हणून एकदा सगळं सांगतो.

पहिलं म्हणजे, लिनिअर मी पूर्ण सोडलेलं नाही. नवीन मुलाला आजही तेच देतो. त्याचा बार दर आठवड्याला तसाही जड होत असतो, त्याला गुंतागुंत कशाला? लेव्ह मात्वेयेव्हने 1960 च्या दशकात सोव्हिएत खेळाडूंचं वर्ष तयारी, स्पर्धा आणि उसंत असं वाटलं. आधी भरपूर काम, मग धार, हा विचार मला अजून पटतो. नडला तो माझा कागद.

माझ्याकडे सत्तरी तालुक्यातला एक मुलगा होता. फोंड्यात खोली, वेर्ण्याला कारखान्यात पाळीचं काम, स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसून उठणं, 172.5 किलो. स्पर्धेआधी त्याला बारा आठवड्यांचा लिनिअर कागद लिहून दिला, शेवटी 180. नवव्या आठवड्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली. तो गावी गेला, गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी रानातून फळं आणली, पाच दिवस आरत्या आणि जागरणं, परतल्यावर लगेच दोन रात्रपाळ्या. दहाव्या आठवड्यात 150 किलोचे तीन-तीन रेप्सचे सेट होते. "सर, पाय जड लागतायत," तो म्हणाला. मी कागदावर बोट ठेवलं. तिसऱ्या सेटचा शेवटचा रेप येताना त्याची कंबर आधी उठली, छाती मागून. मी ते पाहिलं, आणि वहीत बरोबरची खूण केली.

स्पर्धेत पहिला अटेम्प्ट मी 167.5 लिहिला. कागदावरच्या 180 च्या मानाने सोपा. त्याने खरोखर उचललेल्या वजनाच्या मात्र तो 97 टक्के होता. तो बसला, पण पुरेसा खाली गेला नाही. पंचांचे तिन्ही दिवे लाल, म्हणजे अटेम्प्ट बाद. पुढचा अटेम्प्ट सांगायला एक मिनिट मिळतं, आणि वजन कमी करता येत नाही. ते मिनिट मी चिठ्ठी हातात धरून उभा राहिलो. पुन्हा 167.5, पुन्हा वरच. तिसऱ्यांदा तो खोल गेला, खूप खोल, आणि तिथेच राहिला. स्पॉटर्सनी बार उचलला. स्क्वॉट गेला म्हणजे टोटल, सगळ्या प्रकारांची बेरीज, गेली. त्याचे बाबा पहिल्यांदाच बघायला आले होते. त्यांनी मला विचारलं, "आता परत कधी त्याचा नंबर?"

चूक पद्धतीची की माझी? माझ्यातलाच जुना कोच मला म्हणतो: ओपनर, म्हणजे पहिला अटेम्प्ट, 155 लिहिला असतास, तर लिनिअरवरच पोरगा निघाला असता. खरं आहे. पण लिनिअरमध्ये जड वजनं शेवटच्या काही आठवड्यांत गोळा होतात, तिथला आठवडा बुडाला की भरून काढायला जागा उरत नाही. अंड्युलेटिंगमध्ये जड दिवस दर आठवड्याला येतो. एक चुकला तर दुसरा असतो, आणि मुलगा आज किती उचलतोय ते मला आजच दिसतं. इथे चवथ आहे, शिगमो आहे, जत्रा आहेत, पाळ्या आहेत. त्या कुणाच्या कागदाला थांबत नाहीत.

पुरावा मागाल तर 2002 मध्ये अमेरिकेत 20 पुरुषांवर 12 आठवडे या दोन पद्धतींची तुलना झाली. रोज बदल करणाऱ्या, म्हणजे अंड्युलेटिंगच्या, गटाची ताकद जास्त वाढली. ते मी सगळ्यांना ऐकवत फिरलो. मग 2015 चा आढावा वाचला: 17 अभ्यास एकत्र धरले, तर दोन्हींत फरक दिसत नाही. तेव्हापासून ऐकवणं बंद केलं. पद्धत मात्र बदलली ती बदललीच.

तो मुलगा त्यानंतर जिमला आला नाही. बसस्टँडवर कधीतरी दिसतो. "सर, बरे आहात?" विचारतो, मी हो म्हणतो. परत कधी बारला हात लावलास का, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही.